एकाच आसामीची दोन खाती

माझ्या कपाटात कित्येक वर्षे दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या होत्या: निळी नाकाची आणि तपकिरी छातीची. निळीत सायनसचे सीटी स्कॅन, शस्त्रक्रियेचे कागद आणि नाकात मारायच्या स्प्रेच्या चिठ्ठ्या होत्या. तपकिरीत स्पायरोमेट्रीचे, म्हणजे श्वास मोजण्याच्या तपासणीचे आलेख, छातीचे एक्स-रे आणि अपरात्री नेब्युलायझर लावल्याच्या पावत्या होत्या. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाताना मी निळी काखेत मारायचो, छातीच्या डॉक्टरांकडे जाताना तपकिरी. आणि दोघेही सोलापुरातच, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर बसत असूनही एकाने काय दिले ते दुसऱ्याला सांगावे असे मला कधी वाटले नाही. मी अशोक चौकाच्या बाजूला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. एकाच आसामीची चुकून दोन खाती उघडली गेली, तर एका खात्यात त्याच्याकडून येणे दिसते आणि दुसऱ्यात त्यालाच देणे, आणि वर्षअखेरीला ताळा काही जुळत नाही, हे हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत हीच चूक ध्यानात यायला मला चौदा वर्षे लागली.

सुरुवात १९९९ च्या दिवाळीत एका साध्या पडशाने झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. पडसे औषध घेतले तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतले तर आठवड्यात, असे गमतीने म्हणतात. माझे पडसे संक्रांत आली तरी हलले नव्हते. नाक दोन्ही बाजूंनी चोंदलेले, गालांच्या हाडांत जडपणा, घशात मागून सतत उतरणारा चिकट कफ आणि हळूहळू मावळत गेलेला वास. ही लक्षणे सलग बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली आणि तपासणीत सायनसची सूज दिसली, की डॉक्टर त्याला सायनसचा जुनाट दाह म्हणतात, हे मला फार पुढे कळले. त्या वेळी गल्लीत एकच निदान होते: ‘नाकातलं हाड वाढलंय.’ सोलापुरात नाकाला काहीही झाले तरी हाडच वाढते.

छातीची घरघर सुरू झाली ती २००१ च्या पावसाळ्यात, पहाटे तीनच्या सुमारास. आडवे पडवेना म्हणून मी भिंतीला उशी लावून बसलो, आणि बसल्यावर जरा बरे वाटले. पुढे तो रिवाजच झाला. छातीच्या डॉक्टरांनी दमा असल्याचे सांगून इनहेलर दिला, ज्याला आमच्याकडे सगळे ‘पंप’ म्हणतात. आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचा चेहरा उतरला. ‘एकदा पंप लागला की सुटत नसतो,’ असे ती म्हणाली, आणि घरात ‘दमा’ हा शब्द उच्चारायचा नाही असे न ठरवताच ठरून गेले. कुणी विचारले तर ‘त्याला धुळीची ॲलर्जी आहे’ एवढेच सांगायचे. इनहेलरची सवय लागत नाही. त्यातली सूज उतरवणारी औषधे रोज घ्यायची असतात, कारण आजारच रोजचा असतो. पण हे आईला पटवून देण्याइतके ते मलाच पटलेले नव्हते, त्यामुळे मी पंप खिशात लपवून ठेवत असे आणि अगदीच अडले की मोरीत जाऊन ओढत असे.

धुळीला दोष देणे सोलापुरात सोपे जाते, कारण धूळ खरोखरच आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात दिवसभर सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि संध्याकाळी भुवयांवर पांढरी साय धरल्यासारखे बसतात. पूर्व भागातल्या घराघरांत बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळतात. शहराबाहेर काळी माती, उसाच्या आणि तुरीच्या बांधांवर माजलेले काँग्रेस गवत, आणि उन्हाळ्यात तापमापकाचा पारा ४३-४४ अंशांवर गेल्यावर सुटणारी कोरडी वावटळ. २०१९ मध्ये केंद्र सरकारने हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही त्यांच्या यादीत सोलापूरचे नाव होते. माझे वडील माग चालवत. आयुष्यभर खोकले आणि आयुष्यभर त्याला ‘सुताचा खोकला’ म्हणाले. त्यामुळे माझे नाक बंद झाले तेव्हा कारण धूळ, छाती भरली तेव्हा कारण धूळ. आणि कारण एकदा सापडले की माणूस पुढे शोधत नाही. धूळ त्रास देते यात शंका नाही. पण माझ्याच टेबलापाशी बसणाऱ्या, माझ्याइतकीच धूळ खाणाऱ्या चौघांना ना पडसे होते ना घरघर, हे मला दिसत असूनही दिसत नव्हते.

२००५ साली मृग नक्षत्र लागायच्या दिवशी मी हैदराबादेत मासाही गिळून आलो. शेजारच्या अक्कांचे माहेर तेलंगणातले. त्यांच्या घरचे दोघे-तिघे दरवर्षी जात, आणि सोलापूरहून हैदराबाद जेमतेम तीनशे किलोमीटर. बथिनी गौड घराण्यातली माणसे तिथे दम्यासाठी हे औषध फुकट देतात: बोटाएवढ्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळा लगदा भरतात आणि तो मासा आपल्या घशात सोडतात. शाकाहारी माणसाला तेच औषध गुळातून मिळते. मी रांगेत रात्र काढली, मासा वळवळत खाली गेला, आणि पुढचे दोन महिने मला बरे वाटले. त्या उपायाने दमा बरा होतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि दमा मुळातच चढता-उतरता आजार असल्यामुळे दोन बरे महिने कशाच्याही नावे जमा करता येतात. अक्कांना मी हे कधी सांगितले नाही. रात्रभर रांगेत माझ्या पाठीवर हात फिरवत त्या बसल्या होत्या, त्याचे मोल वेगळे आहे.

पहिली शस्त्रक्रिया २००६ मध्ये झाली. डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पडद्यावर मला माझे पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराला फुटलेले मऊ कोंब, दाखवले, तेव्हा मी क्षणभर ओशाळलो, कारण ते साल काढलेल्या द्राक्षांसारखे दिसत होते: फिकट, ओलसर, किंचित पारदर्शक, आणि घडाने लोंबणारे. द्राक्षांच्या जिल्ह्यातल्या माणसाला दुसरे काय आठवणार? सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. गालांत, भुवयांच्या वर, डोळ्यांच्या मधोमध आणि खोल मागे कवटीच्या तळाशी अशा त्यांच्या चार जोड्या असतात. त्यांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस आतला श्लेष्मा अखंड दाराकडे सरकवत असतात. गालातल्या पोकळीचे दार तळाशी नसून वर असते, म्हणजे तिथल्या केसांना हे ओझे चढावर वाहावे लागते. अस्तर सुजले की दारे बंद होतात, केस थकतात, आणि आत साचलेला श्लेष्मा चिकट होत जातो. स्कॅनवरून या पोकळ्या किती भरल्या आहेत ते मोजायची चोवीस गुणांची एक पद्धत आहे. मला एकोणीस पडले होते. शाळेत गणितातही मला एवढे टक्के कधी पडले नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर नाकातून वारा गेला तेव्हा डोळ्यांत पाणी आले. सात वर्षांनी हवा थंड लागली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अजून रुग्णालयातच असताना, माझी छाती एकाएकी आवळली आणि रात्रभर नळी लावावी लागली. ‘भूल मानवली नाही,’ असे सांगण्यात आले. भूल देऊन तीस तास उलटले होते. मी ते निमूट ऐकले आणि त्या रात्रीची पावती तपकिरी फाइलीत लावली. नाकाच्या शस्त्रक्रियेच्या खाटेवर आलेला झटका छातीच्या फाइलीत गेला, यात मला काहीही वावगे वाटले नाही.

दोन वर्षांत पॉलिप परत आले, आणि इथे त्या दोन खात्यांमधला व्यवहार नीट सांगितला पाहिजे. सायनसच्या जुनाट रुग्णाला दमा असला म्हणजे त्याच्या एका आजारात दुसऱ्याची नुसती भर पडते असे नाही; दम्यामुळे पहिल्या आजाराची जातच बदलते. ज्यांना दोन्ही आहेत त्यांच्या स्कॅनमध्ये पोकळ्या अधिक भरलेल्या आढळतात, पॉलिप अधिक होतात, वास अधिक जातो, आणि काढलेले पॉलिप पुन्हा उगवण्याची व म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता वाढते. पॉलिप असलेल्यांमध्ये दमा इतका सर्रास असतो, की वेगवेगळ्या पाहण्यांत तो एक तृतीयांशापासून निम्म्याहून जास्त रुग्णांत आढळलेला आहे. याचे एक कारण साधे यांत्रिक आहे: नाक हवा गाळते, गरम करते आणि ओलावते, ते बंद झाले की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि कोरडी, धुळकट हवा थेट नळ्यांत उतरते. पण त्याहून महत्त्वाचे कारण हे, की नाकपुडीपासून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत हा रस्ता एकच आहे, आणि माझ्यासारख्यांच्या त्या सबंध रस्त्यावर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींनी ठिकठिकाणी तळ ठोकलेला असतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० च्या सुमारास एक प्रयोग केला. नाकाची ॲलर्जी असलेल्या, पण दमा नसलेल्या माणसांच्या फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात त्यांनी दुर्बिणीतून ॲलर्जीचा पदार्थ सोडला. नाकाला हातही लावला नाही, तरी चोवीस तासांत नाक सुजले. निरोप रक्तातून वर पोचला होता.

हे वाचण्याच्या आधी तेच मला माझ्या वहीत दिसले होते, पण मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. छातीच्या डॉक्टरांनी श्वासाचा जोर मोजायचे एक साधे प्लॅस्टिकचे यंत्र दिले होते. मुलगी त्याला ‘बाबांची फुंकणी’ म्हणे. सकाळ-संध्याकाळ जोर लावून फुंकायचे आणि आकडा लिहायचा. मी हिशेबनीस असल्यामुळे ती वही रोजकीर्दीसारखी ठेवली, एक दिवस चुकवला नाही, आणि सवयीने शेजारच्या रकान्यात ‘नाक बंद’, ‘डोके जड’, ‘हिरवट शेंबूड’ अशा नोंदीही करत गेलो. बऱ्या दिवशी माझा आकडा ४२० च्या आसपास असे. तो ३०० च्या खाली घसरला त्या जवळजवळ प्रत्येक वेळी आधीच्या दोन-तीन दिवसांत शेजारचा रकाना भरलेला होता. नाक आधी बिघडायचे, छाती मागून. एवढी स्वच्छ नोंद समोर असूनही मी तिचा अर्थ लावला नाही, कारण तो रकाना माझ्या दृष्टीने दुसऱ्या फाइलीचा होता.

२०१० च्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत दुसरा मोठा झटका आला. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजांमागे अडुसष्ट लिंगांची वाट चालायची, ही आमच्या घरची जुनी रीत. दिवसभर चालून गुडघे भरून आले होते, तरी शोभेच्या दारूकामाच्या रात्री मुलीला घेऊन मी होम मैदानावर गेलो. माणसांच्या पायांनी उडालेली माती, वरून दारूचा धूर, आणि त्या सगळ्यात माझे नाक पाण्यासारखे वाहायला लागले, कान तापले आणि छाती बंद झाली. लोकांनी वाट करून दिली, कुणीतरी मोटारसायकलवर मधे बसवून रुग्णालयात नेले. दोष कुणाचा, हे सांगायलाच नको होते. धुळीचा आणि धुराचा. पत्नीने पुढची तीन वर्षे मला यात्रेला जाऊ दिले नाही.

तिसरा झटका आला तेव्हा धूळ नव्हती, धूर नव्हता, भूल नव्हती. २०१३ चा श्रावण, बाहेर भुरभुर पाऊस, मी घरात. दुपारी दाढेचे काम करून घेतले होते. दवाखान्यात भरायच्या कागदावर ‘दमा आहे का?’ असा प्रश्न छापलेला होता आणि मी घरच्या सवयीने ‘नाही’वर खूण केली होती. दाढ ठणकायला लागली म्हणून रात्री जेवणानंतर दिलेली गोळी घेतली आणि बातम्या बघत बसलो. पाऊण तासाने नाकातून पाणी गळू लागले, अगदी नळ सुटल्यासारखे. डोळे लाल, मान आणि छाती तापलेली, आणि मग ती ओळखीची पकड. पंप चार वेळा ओढला, काही फरक पडेना. पत्नीने अक्कांचे दार वाजवले, त्यांच्या मुलाने रिक्षा आणली. रिक्षात मी पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून वाकून बसलो होतो. मागे टेकले की जीव जायचा. रुग्णालयात बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के दिसत होता, एवढे मला आठवते.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर बाई होत्या. ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून स्टिरॉइड, सगळे झाल्यावर, मला दोन शब्द बोलता येऊ लागल्यावर त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘काका, तुमचा आवाज नाकात अडकल्यासारखा येतोय. नाकाचं काही ऑपरेशन झालंय का?’ मी मान हलवली. ‘पॉलिप होते? वास येतो का तुम्हाला?’ नाही म्हटले. ‘मग आता संध्याकाळपासून तोंडावाटे काय काय घेतलं, ते क्रमानं सांगा.’ भात, आमटी, भाकरी, गोळी. त्यांनी पत्नीला घरून त्या गोळीची पट्टी आणायला सांगितली, ती उलटसुलट करून वाचली आणि विचारले, ‘असा झटका याआधी कधी आला होता, आणि त्या दिवशी दुखण्याची गोळी घेतली होती का, आठवतंय?’

आठवत नव्हते, पण लिहिलेले होते. घरखर्चाची वही मी लग्नापासून ठेवतो. चौथ्या दिवशी घरी आल्यावर पहिल्यांदा ती काढली. जानेवारी २०१०, गड्ड्याचे दिवस: शेंगा वीस रुपये, मुलीचा पाळणा तीस रुपये, आणि त्यांच्या मधोमध माझ्याच अक्षरात ‘गुडघ्याच्या गोळ्या, अठरा रुपये’. २००६ च्या निळ्या फाइलीतले रुग्णालयाचे बिल काढले, तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसाच्या औषधांत त्याच जातीची वेदनाशामक गोळी. मी दोन्ही फाइली आणि खर्चाची वही जमिनीवर पसरून कितीतरी वेळ बसून होतो. सगळा पुरावा मीच जमा केला होता, आणि तो तीन ठिकाणी ठेवला होता.

दमा, नाकातले पॉलिप आणि ॲस्पिरिनच्या कुळातल्या वेदनाशामकांचे न सोसणे, या तिघांची ही सांगड वैद्यकाला जुनीच माहीत आहे. फ्रान्समधल्या फर्नांद विदाल यांनी १९२२ मध्ये तिचे वर्णन केले. अमेरिकेत मॅक्स सॅम्टर आणि रोलँड बीअर्स यांनी १९६८ मध्ये ती सविस्तर मांडली, म्हणून तिला सॅम्टरचे त्रिकूट म्हणतात. बहुधा तिशी-चाळिशीत एका न जाणाऱ्या पडशाने तिची सुरुवात होते, मग पॉलिप, मग दमा. माझी कुंडली यापेक्षा वेगळी काय होती? आत घडते ते असे. शरीरात एकाच कच्च्या मालापासून दोन प्रकारची रसायने तयार होतात: एक प्रोस्टाग्लँडिन, दुसरी ल्युकोट्राइन. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही औषधे पहिल्याचे दार बंद करतात आणि म्हणून दुखणे थांबते. पण आमच्यासारख्यांच्या शरीरात ल्युकोट्राइनला आवर घालणारे प्रोस्टाग्लँडिन आधीच तोकडे असते. तेही बंद झाले की कालव्याची एक मोरी बुजवल्यावर पाणी शेजारच्या शेतात घुसावे तसे ल्युकोट्राइन उसळतात. ते नाकाला पाणी सोडायला लावतात आणि श्वासनळ्या आवळतात, एकाच वेळी, कारण त्यांच्या लेखी नाक आणि छाती असे दोन वेगळे विभाग नाहीतच. प्रत्येक दमेकऱ्याला हे होते असे कृपया समजू नये. प्रौढ दमेकऱ्यांत सुमारे सात टक्क्यांना होते, दमा तीव्र असेल तर अधिक. पण ज्याला दम्याबरोबर पॉलिप आहेत आणि वास येत नाही, त्याला गोळी देण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मला तो चौदा वर्षांत कुणी विचारला नाही, हे एक. आणि ज्या एका कागदाने विचारायचा प्रयत्न केला त्याच्यावर मी खोटे लिहिले, हे दुसरे. दोन्ही रकमा मी सारख्याच धरतो.

त्या आठवड्यात मला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. पाचव्या सकाळी मी पडवीत पेपर वाचत होतो आणि पत्नी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. काहीतरी मला खुपले, आधी कळेना काय, आणि मी तिथूनच म्हणालो, ‘शेंगा करपायला लागल्यात.’ आत उलथने थांबले. ती दारात येऊन उभी राहिली. ‘काय म्हणालात?’ मी उठून आत गेलो. कढईतून भाजल्या दाण्यांचा वास येत होता, उखळात लसूण आणि तिखट कुटून ठेवले होते त्याचा येत होता, ओल्या फडक्याचासुद्धा येत होता. अनेक वर्षे कडक भाकरीचा मला फक्त आवाज ठाऊक होता. मधल्या काळात एकदा गॅसची नळी गळत होती आणि मी स्वयंपाकघरात शांतपणे पाणी पीत उभा होतो. अक्कांच्या सुनेने बाहेरून ओरडून सांगितले तेव्हा कळले. त्या दिवशी कारखान्यात गेल्यावर मी रंगवून वाळत टाकलेल्या सुताच्या लडीत तोंड खुपसले, आणि मालक माझ्याकडे बघत राहिले.

वास एकोणीस दिवस टिकला. वहीत नोंद आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या पॉलिप आकसवतात, वास परत आणतात, छाती मोकळी करतात आणि म्हणूनच धोक्याच्या आहेत, कारण माणसाला त्यांचा लोभ सुटतो. दोन्ही आजार असलेल्यांच्या पोटात वर्षानुवर्षे या गोळ्या जास्त जातात: कधी नाकाचे डॉक्टर देतात, कधी छातीचे, आणि एकूण किती गेल्या याची बेरीज कुणी करत नाही. मी केली. मधल्या सहा वर्षांत अकरा वेळा. माझी साखर वाढली ती त्या बेरजेची तळटीप आहे.

त्यानंतर मात्र मी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे फोन नंबर दिले, आणि ते बोलले. दुसरी शस्त्रक्रिया २०१४ मध्ये झाली, या वेळी छाती आधी आटोक्यात आणून आणि शस्त्रक्रियेनंतर फक्त पॅरासिटामॉल देऊन. नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे आणि छातीचा इनहेलर मी दात घासण्याइतक्या नियमाने घेतो. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुतो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि ते टाकीत साठलेले असते. तसले पाणी कच्चे नाकात घालायचे नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या कच्च्या पाण्याने नेती करणारे दोन जण त्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत शिरल्यामुळे दगावले होते. रात्री पातेले उकळून झाकून ठेवायचे आणि सकाळी कोमट करून वापरायचे, एवढेच करावे लागते.

नाकाच्या दवाखान्यात अधूनमधून बावीस प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात आणि छातीच्या दवाखान्यात पाच प्रश्नांचा. नाकाच्या तक्त्यात शिंका आणि शेंबूड तर आहेतच, पण त्याशिवाय झोप लागते का, सकाळी उठताना थकवा वाटतो का, कामात लक्ष लागते का, उदास वाटते का, चारचौघांत संकोच वाटतो का, असेही प्रश्न आहेत. संकोचाचा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मोरीत लपून ओढलेला पंप आठवला. छातीच्या तक्त्यातही रात्री जाग येते का, हे आहेच. म्हणजे माझी एकच जागलेली रात्र दोन्हीकडे लिहिली जाते. ती नाक चोंदल्याने जागी होती की छाती भरल्याने, असे कुणी विचारले तर मला सांगता येत नाही; पहाटे तीन वाजता भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला अशी वाटणी सुचत नाही.

आमच्या गल्लीतल्या वयोवृद्ध वैद्यांना मी ही दोन फाइलींची हकीकत सांगितली तेव्हा ते हसले आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला श्वासाचा अध्याय काढून बसले. तमक श्वासाच्या, म्हणजे दम्याच्या वर्णनात तिथे म्हटले आहे, की उलटा फिरलेला वायू स्रोतसांत, म्हणजे शरीरातल्या वाहिन्यांत शिरून मान आणि डोके जखडतो, कफ उसळवतो, त्यातून पीनस, म्हणजे पडसे होते आणि त्याच अडथळ्यातून घुरघुर उठते. रुग्णाला बसले की बरे वाटते, आणि ढग, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी दुखणे वाढते, हेही तिथेच आहे. मी काही जुन्याचा आंधळा भक्त नाही, आणि वायू-कफाच्या भाषेतून इओसिनोफिल काढून दाखवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण पाहणाऱ्याने नाक आणि छाती एकाच माणसात पाहिली होती, हे नाकारता येत नाही. आधुनिक वैद्यकात ‘एक श्वासमार्ग, एक आजार’ हा विचार जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९९९ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून रूढ होऊ लागला. ते माझ्या पडशाचे पहिलेच वर्ष होते.

आता इओसिनोफिलना किंवा त्यांना हाक घालणाऱ्या रसायनांना नेमके अडवणारी इंजेक्शने निघाली आहेत. त्यातल्या डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये पॉलिपसाठीही मान्यता मिळाली. ते आधीपासून दम्यासाठी वापरात होते. त्वचेखाली दिले जाणारे हे एकच औषध नाकातले पॉलिप आकसवते आणि छातीही मोकळी करते. माझ्या डॉक्टरांनी या औषधांचा विषय काढला तेव्हा मी किंमत विचारली, कागदावर वर्षाचा गुणाकार केला आणि कागद परत दिला. टॉवेलच्या कारखान्यातल्या हिशेबनिसाच्या पगारात ते बसत नाही. ॲस्पिरिनच अगदी थोड्या मात्रेपासून, रुग्णालयात देखरेखीखाली वाढवत नेऊन शरीराला सोसायला लावण्याचीही एक पद्धत आहे. तिच्याबद्दल आमचे बोलणे चालू आहे आणि मी घाबरतो आहे.

दोन्ही फाइलींतले कागद आता तारखेवार एका जाड बॉक्स फाइलीत लावले आहेत. पैशाच्या पाकिटात एक प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी असते. तिच्यावर दमा, पॉलिप आणि न चालणाऱ्या गोळ्यांची नावे मी मराठीत आणि मुलीने इंग्रजीत लिहिली आहेत. मागच्या महिन्यात कंबर धरली म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर नवा मुलगा होता. मी काही बोलायच्या आत, माझ्या वाकून उभे राहण्यावरूनच ओळखून, त्याने मागच्या खणातून एक पट्टी काढून कात्रीला हात घातला. मी चिठ्ठी पुढे सरकवली. त्याने ती ओठ हलवत वाचली, पट्टी पुन्हा वाचली, पुन्हा चिठ्ठी. मग पट्टी खणात परत ठेवत त्याने विचारले, ‘काका, दम्याचा आणि कंबरेच्या गोळीचा काय संबंध?’ दुकानात तेव्हा गर्दी नव्हती. मी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, ‘आधी नाकापासून सांगतो.’